पक्ष्यांमागे धावू नका, भरतीची वेळ पाळा

कोलकात्यातल्या मराठी घरांत सुट्टी आणि समुद्र हे दोन विषय एकत्र निघाले की बोलणं हमखास दिघ्यावर नाहीतर पुरीवर जाऊन थांबतं. पुरी एका दिवसात होण्यासारखी नाही. दिघ्याच्या बांधलेल्या किनाऱ्यावर माणसांचीच इतकी दाटी असते की पाखरांनी उतरावं तरी कुठे? एस्प्लनेडहून, म्हणजे इथल्या रोजच्या बोलण्यातल्या धर्मतल्याहून, बक्खालीची बस सुटते. तिच्याकडे मात्र आपलं लक्ष फारसं जात नाही. डायमंड हार्बर, काकद्वीप, नामखाना असं करत ही बस साधारण १३० किलोमीटर दक्षिणेला, सुंदरबनच्या पश्चिम कडेवरच्या एका सपाट, रुंद किनाऱ्यावर नेऊन सोडते. नामखान्याला हातानिया-दोआनिया नदीवर २०१९ मध्ये पूल झाला. त्याआधी गाड्या बार्जवर चढवून पलीकडे न्याव्या लागत आणि त्यात किती वेळ जाईल याचा काही नेम नसे. आता रस्ता मोकळा असेल तर चार-साडेचार तास धरावेत. म्हणजे पहाटे निघून रात्री घरी, अशी सहल जमू शकते. बडाबाजारात गलाईच्या धंद्यात असलेली खानापूर-आटपाडीकडची कुटुंबं असोत, हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात चार दिवस उतरलेले पाहुणे असोत, किंवा बदलीवर आलेले नोकरदार असोत, ज्यांना या एका दिवसात चार पक्षीही निवांतपणे पाहायचे आहेत, त्यांना एकच गोष्ट सांगायची आहे: किनाऱ्यावर पक्षी शोधत हिंडू नका. भरतीची वेळ पाहून दिवस ठरवा, भरतीच्या दोन तास आधी एक जागा धरा आणि तिथे बसून राहा.

असं सांगण्यामागचं कारण पक्ष्यांच्या पोटात आहे. हिवाळ्यात इथे येणारे चिखल्या, तुतारी, टिलवे, कोरल हे सगळे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या ओल्या वाळूत आणि चिखलात चरतात. वाळूतले किडे, बारीक शिंपले, खेकड्यांची पिल्लं हे त्यांचं खाणं. पाणी उतरलं की ते उघडं पडतं, चढलं की झाकलं जातं. त्यामुळे या पक्ष्यांचं वेळापत्रक सूर्यावर कमी आणि पाण्यावर जास्त चालतं. ओहोटी रात्री आली तर ते रात्रीही चरतात. जंगलातल्या पक्ष्यांसाठी दिलेला ‘पहाटे लवकर जा’ हा सल्ला किनाऱ्यावर म्हणूनच पुरा पडत नाही. पहाटे पूर्ण ओहोटी असेल तर लवकर उठून हाती काय लागणार? बक्खालीचा किनारा इतका सपाट आहे की पाणी पूर्ण उतरल्यावर समुद्र दूर एका रेघेसारखा उरतो, आणि सगळे पक्षी त्या रेघेच्या आसपास पांगलेले असतात. डोळ्यांना दिसतात ते नुसते ठिपके. नेमक्या याच वेळी बहुतेक लोक ‘जवळ जाऊन पाहू’ म्हणून चालायला लागतात. थवा उडतो, आणखी पुढे जाऊन बसतो, लोक आणखी चालतात. तासाभरात माणसं दमतात आणि पक्षी उपाशी राहतात.

चढत्या भरतीला नेमकं उलट घडतं. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासाला थोडं, मग वाढत वाढत, आणि मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या जवळजवळ निम्मं पाणी भरतं. भरती-ओहोटीतला फरक चार मीटर धरला तर त्या दोन तासांत पाण्याची पातळी दोन मीटर वर येते. किनाऱ्याला शंभर मीटरमागे एक मीटर इतका उतार धरला तर पाण्याची कड त्याच दोन तासांत दोनशे मीटर आत सरकते. पक्षी त्या कडेबरोबरच मागे मागे येतात, कारण नुकती भिजणारी वाळू हीच त्यांची शेवटची संधी असते. जो माणूस आधीपासून वाळूच्या वरच्या अंगाला शांत बसलेला आहे, त्याच्याकडे ते आपल्या पायांनी चालत येतात. मग चरायला जागाच उरली नाही की थवे कोरड्या पट्टीवर एकत्र होतात, एका पायावर उभे राहून चोच पाठीच्या पिसांत खुपसतात आणि पाणी उतरायची वाट पाहतात. यात नवल असं काही नाही. मुंबईकरांना हे शिवडीच्या चिखलामुळे पाठ आहे: पूर्ण ओहोटीला रोहित पक्षी म्हणजे क्षितिजावरची गुलाबी रेघ, आणि पाणी चढू लागलं की तेच पक्षी धक्क्याच्या पुढ्यात. २०१५ मध्ये अभयारण्य झालेल्या ठाणे खाडीत ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीही भरतीच्या वेळा बघूनच सोडतात. शिवडीला जे चालतं ते बक्खालीला न चालण्याचं काही कारण नाही.

आता दिवस ठरवायचा तो कसा, हा खरा कामाचा भाग. कोकणात भरतीचा तोंडी हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तो भरतीचा वाजलेला तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती असते, यावर हा हिशेब उभा आहे. बंगालच्या किनाऱ्यावर हा पायाच वेगळा आहे. इथे पौर्णिमा-अमावास्येची भरती सकाळी साडेनऊच्या आगेमागे येते. २६ मे २०२१ रोजी यास वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर सकाळी धडकलं, तेव्हा पौर्णिमा होती आणि उधाणाची भरतीही त्याच सुमाराला होती. दिघा आणि सुंदरबनात पाणी इतकं आत शिरलं त्याचं एक मोठं कारण ही जुळलेली वेळ होती. तेव्हा कोकणी हिशेबातून सरासरी दोन-अडीच तास वजा करा, म्हणजे बक्खालीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला कोकणात तीन, तर इथे साडेबारा-एक. पंचमीला त्याहून पाऊण तास पुढे.

ही चतुर्थी-पंचमीच या सहलीला सोयीची, शुक्ल असो की वद्य. पहाटेच्या बसने निघालेला माणूस साडेदहाच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचतो. भरती एकच्या आसपास असेल तर पोचल्यावर चहा घेऊन जागा धरेपर्यंत पाणी चढू लागलेलं असतं, थवे जवळ येण्याचे तास पूर्ण मिळतात आणि पाणी उतरू लागल्यावर परतीची तयारी करता येते. शिवाय चतुर्थीपर्यंत उधाणाचा जोर जरा ओसरलेला असतो. ऐन उधाणाला पाणी सुरूच्या बनापर्यंत येऊन भिडलं तर पक्ष्यांना टेकायला पट्टीच उरत नाही आणि ते दुसरीकडे निघून जातात. संकष्टीचा कडक उपास असेल त्यांनी पंचमी धरावी; बक्खालीत ताज्या मासळीच्या भातावर पाणी सोडणं जड जातं. हा सगळा हिशेब अर्थातच दिवस निवडण्यापुरता आहे. निघण्याआधी भरतीच्या तक्त्यात नेमकी वेळ पाहून घ्यायलाच हवी, आणि पाहताना ठिकाण ‘सागर’ किंवा ‘दिघा’ निवडायचं, ‘कोलकाता’ नव्हे. समुद्रात चढलेलं पाणी हुगळीतून वर कोलकात्यापर्यंत यायला काही तास जातात. एस्प्लनेडहून मैदान ओलांडून बाबूघाटावर गेलात तर तिथे चढतं पाणी दिसेल, मोठ्या उधाणाला बंगाली लोक ज्याला ‘बान’ म्हणतात ती पाण्याची भिंतही दिसेल. पण ते पाणी बक्खालीला कधीच येऊन गेलेलं असतं. बाबूघाटाची वेळ धरून बक्खालीला गेलेला माणूस बरोबर चुकीच्या वेळी पोचतो.

जागा निवडताना कोकणची सवय आणखी एका बाबतीत सोडावी लागते. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणून सकाळी ऊन पाठीशी आणि संध्याकाळी डोळ्यांवर. बक्खालीचा समुद्र दक्षिणेला आहे, आणि हिवाळ्यात दुपारी सूर्यही दक्षिणेकडेच झुकलेला असतो. सरळ पाण्याकडे तोंड करून बसलात तर भर दुपारी प्रत्येक पक्षी काळी आकृती होऊन जाईल. म्हणून किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने पाहता येईल असं बसावं: माध्यान्हीपर्यंत पश्चिमेकडे, सूर्य कलल्यावर पूर्वेकडे. सुरूच्या झाडांची सावली पाठीशी असली तर आपली उभी आकृती आकाशावर उठून दिसत नाही, हा दुसरा फायदा. मुख्य चौपाटीवर खुर्च्या आणि खेळणी यांचीच गर्दी असते. फ्रेझरगंजच्या बाजूला थोडं चालत गेलं की माणसं विरळ होतात. सर अँड्र्यू फ्रेझर या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या नावावरून हे गाव ओळखलं जातं, पण आज त्याची खरी ओळख मच्छिमारी बंदर आणि वाळत घातलेल्या सुकटीचा वास अशी आहे. तो वास सहन होत असेल तर बंदराच्या आसपास बोटींमागे घिरट्या घालणारे तपकिरी डोक्याचे कुरव आणि ब्राह्मणी घारी अगदी डोक्यावरून जाताना दिसतील, आणि त्यासाठी भरतीची वाट पाहायचीही गरज नाही.

एका जागी बसायचं म्हणजे करायचं काय, असा प्रश्न नव्याने पाहणाऱ्याला पडतो. नावं शोधण्याआधी चाल पाहावी. पाण्याच्या कडेला वावरणारे हे करडे-तपकिरी पक्षी लांबून सारखेच दिसतात, पण त्यांची खाण्याची रीत एकसारखी नाही. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो: चार पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, मान तिरकी करून पाहतो, टोचतो आणि पुन्हा पळतो. त्याची चोच आखूड आणि डोळा मोठा असतो तो त्यासाठीच. तुतारीच्या कुळातले पक्षी चोचीने चाचपतात. त्यांच्या चोचीचं टोक इतकं संवेदनशील असतं की वाळूतली हालचाल त्यांना न बघता कळते, म्हणून ते थांबत नाहीत. शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच सतत खालीवर चालू असते. कोरलाची चोच तर खाली वळलेली, मादीची पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब. ती चोच तो खेकड्याच्या बिळात वळणासकट घालतो. खेकडा बाहेर आला की त्याचे पाय झटकून पाडतो आणि मग गिळतो. म्हणजे एकाच ओल्या पट्टीवर वरचा थर एकाचा, मधला दुसऱ्याचा, तळाचा तिसऱ्याचा. ही वाटणी डोळ्यांसमोर उलगडायला अर्धा तास एका ठिकाणी बसावं लागतं. चालणाऱ्याला ती दिसत नाही, कारण त्याला पक्षी दिसतात ते बहुधा उडतानाच.

चोचींचा हा अभ्यास घरूनच करून जायचा असेल तर एस्प्लनेडहून चौरंगीने चालत जाता येईल अशा अंतरावर भारतीय संग्रहालय आहे. १८१४ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात पक्ष्यांचं दालन आहे. जुने पेंढा भरलेले नमुने आहेत, रंग उडालेले असतात; पण चोचीची आणि पायांची लांबी काही उडत नाही. सोमवारी संग्रहालय बंद असतं. इथेच काम करणाऱ्या फ्रँक फिन यांनी १९०१ मध्ये कोलकात्याच्या पक्ष्यांवर एक छोटं पुस्तक काढलं होतं, तेही शहरात राहून डोळ्यांसमोर येणाऱ्या पाखरांवर. एकोणिसाव्या शतकात तर एस्प्लनेडच्या टोकाला असलेल्या गव्हर्नमेंट हाउसच्या, म्हणजे नंतरच्या राजभवनाच्या, कठड्यांवर माणसाएवढे हाडगिळे बलाक ठाण मांडून बसत. शहरातला कचरा आणि मेलेली जनावरं साफ करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. १८९६ च्या शहराच्या मानचिन्हावर चोचीत साप धरलेली त्यांची एक जोडी कोरलेली होती. गटारं सुधारली आणि पक्षी गेले. त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला बंगालीत मदनटाक म्हणतात, तो सुंदरबनच्या बाजूला अजून आहे; टक्कल पडलेलं डोकं आणि जाड चोच दिसली की चुकण्याचा प्रश्नच नाही.

एका जागी बसून राहिल्याने पक्ष्यांच्या जाती कमी दिसतात, हा या सल्ल्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि तो काही अंशी खरा आहे. किनारा, खारफुटी, तलाव, गाव असं चारी ठिकाणी फिरणाऱ्याची यादी नक्कीच लांब होईल. तपकिरी पंखांचा खंड्या याचं उदाहरण घ्या. हा भारतात बंगाल-ओडिशाच्या खारफुटीत सापडतो, कोकणात आढळत नाही. इतक्या लांब आलेल्या मराठी पक्षीप्रेमीला तो पाहण्याचा मोह होणारच, आणि तो उघड्या वाळूवर बसून दिसणार नाही. त्यासाठी जवळच्या हेन्रीज आयलंडला जावं लागेल. ते मत्स्यविभागाच्या ताब्यात आहे, तिथे माशांची तळी, खारफुटी, एक मनोरा आणि चिखलाळ किनारा आहे. जरूर जा. पण गेल्यावर तिथेही एखाद्या खाडीच्या तोंडाशी बसा. खंड्या हा स्वतःच बसून शिकार करणारा पक्षी. ठरलेल्या फांद्यांवर तो फिरून फिरून येतो. पाणी उतरताना खाडीतले मासे अरुंद धारेत सापडतात तेव्हा पांढऱ्या गळपट्ट्याचा, काळ्या टोपीचा आणि तपकिरी पंखांचा असे तीन खंड्या एकाच ओढ्यावर मिळण्याची शक्यता असते. तेव्हा आक्षेपाला उत्तर इतकंच की दिवसाला दोन जागा पुष्कळ झाल्या, भरतीला किनारा आणि उतरत्या पाण्याला खारफुटी, आणि दोन्हीकडे बसूनच. पाच जागा करणाऱ्याचा बहुतेक दिवस टोटोमध्ये, म्हणजे इथल्या ई-रिक्षात, जातो.

‘आठ-नऊ तास बसमध्ये घालवायचे आणि त्याला निवांत म्हणायचं का?’ हा दुसरा आक्षेप. वयस्कर माणसांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत तो अगदी रास्त आहे. त्यांनी बक्खालीला एक रात्र मुक्काम करावा. मग कुठलीही तिथी चालते, कारण दोन दिवसांत उजेडातली भरती बहुधा एकदा तरी मिळते. मुक्काम नको असेल तर डायमंड हार्बरपर्यंतच जावं. तो समुद्र नव्हे, पण हुगळी तिथे इतकी रुंदावलेली आहे की पलीकडचा काठ धूसर दिसतो, आणि भरती-ओहोटीचा नियम तिथेही तोच. थवे लहान असतील, बगळे आणि सुरय जास्त असतील. निम्म्याहून कमी प्रवासात तेवढं मिळत असेल तर तक्रार करू नये. मुलांना कंटाळा येतो ही भीती मात्र थोडी वाढवून सांगितलेली वाटते. ओल्या वाळूवर लाल खेकड्यांची वसाहत असते. पावलांचा आवाज झाला की सगळे एकदम बिळात, आणि दोन-तीन मिनिटं न हलता बसलं की एकेक डोळा बाहेर. मुलांना शांत बसायला शिकवायला याहून चांगला मास्तर शोधून सापडणार नाही.

साधनांवर फार खर्च करण्याची गरज नाही, तीही भरतीच्याच कृपेने. ओहोटीला पक्षी पाहायचे तर तिपाईवरची टेलिस्कोप लागते. भरतीला साधी दुर्बीण पुरते. दुकानात ‘आठ बाय बेचाळीस’ असं मागा: आठ म्हणजे आठपट मोठं दिसणं आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा-बारापटीची दुर्बीण घेण्याचा मोह टाळावा. समुद्रावरच्या वाऱ्यात हात हलतो, आणि दुर्बीण जितकं मोठं दाखवते तितकं ते हलणंही मोठं करून दाखवते. दोघांत एक दुर्बीण चालते, किंबहुना तेच बरं. एकजण पाहतो आणि दुसरा उघड्या डोळ्यांनी पूर्ण किनारा राखतो, त्यामुळे वरून येणारा समुद्रगरुड चुकत नाही. फोनने फोटो काढण्यात वेळ घालवू नये. टोपी, पाणी, बसायला एखादी जुनी चटई आणि वारा लागतो म्हणून एखादं जॅकेट, बस्स.

नावं येत नाहीत म्हणून संकोचणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. वाळूवर शेकड्यांनी बसणारा छोटा वाळू चिखल्या आणि मोठा वाळू चिखल्या हे हिवाळी पिसाऱ्यात एकमेकांपासून ओळखताना जाणतेही अडखळतात. त्यातला छोटा तर अलीकडे शास्त्रज्ञांनी सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन जातींत विभागला. तज्ज्ञांच्या घरातच वाटण्या चालू असताना नवख्याने नुसतं ‘वाळू चिखल्या, सुमारे दोनशे’ असं लिहिलं तर त्यात उणेपणा काय? उलट ती नोंद कामाची आहे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर एका जागी बसून केलेल्या निरीक्षणाची वेगळी सोय आहे: सुरुवातीची वेळ, किती मिनिटं बसलात, आणि दिसलेले सगळे पक्षी, ओळखलेले आणि फक्त कुळापर्यंत ओळखलेलेही. ‘बसून पाहणं म्हणजे हौस, शास्त्राला त्याचा उपयोग नाही’ असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर तयार झाला, त्यात ९४२ जातींचा विचार झाला, आणि लांबून येणाऱ्या किनारपक्ष्यांची घट त्यातूनच समोर आली. बक्खालीसारख्या ठिकाणी गर्दी फक्त सुट्टीच्या दिवशी होते; मधल्या वारी बसून केलेल्या नोंदीचं मोल म्हणून जास्तच.

ज्या पक्ष्यांची संख्या घटते आहे त्यांच्या मागे धावण्यात आणखी एक नुकसान आहे. हे पाहुणे सैबेरिया, मंगोलिया, तिबेट अशा ठिकाणांहून येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. परतीच्या उड्डाणासाठी लागणारी चरबी त्यांना याच वाळूवर साठवायची असते. भरतीच्या विश्रांतीत थवा दरवेळी उडवला गेला तर दिवसभर मिळवलेल्यातलं काही तिथेच खर्च होतं. म्हणून उठून जायचं असेल तर थव्याच्या मागच्या बाजूने, वाळूच्या वरच्या अंगाने जावं. सगळ्या माना एकदम वर झाल्या की आपण फार जवळ आलो, एवढी खूण लक्षात ठेवली तरी चालतं. ड्रोन आणू नये, आणि सोबतच्या उत्साही मंडळींनी थवा उडवून व्हिडिओ काढायचा बेत केला तर स्पष्ट नाही म्हणावं. आपल्या जिवाचाही विचार करावा. सपाट किनाऱ्यावर पाणी समोरून कमी आणि मागच्या खोलगट ओहोळांतून जास्त येतं. पुढच्या उंचवट्यावर बसलेला माणूस बघता बघता बेटावर अडकतो. हेन्रीज आयलंडच्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, तिथे वाट सोडू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मार्चमध्येही पक्षी असतात आणि काहींना लग्नसराईचे तांबूस रंग चढू लागतात, पण दुपारनंतर कालबैशाखीचं वादळ उठू शकतं; वीज कडाडू लागली की उघड्या वाळूवर एक क्षणही थांबू नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असलं तर बस रखडते, तेव्हा भरती एकऐवजी दीड-दोनला येईल असा दिवस घेतलेला बरा. मकरसंक्रांतीच्या आधीचा आठवडा मात्र पूर्ण टाळा. गंगासागर मेळ्यासाठी याच रस्त्यावर लाखो यात्रेकरू असतात आणि बसगाड्या तिकडे वळवल्या जातात. आणि धर्मतल्याला बसमध्ये चढल्यावर पहिलं काम म्हणजे परतीच्या शेवटच्या थेट बसची वेळ कंडक्टरला विचारून घेणं. ती चुकलीच तर बक्खालीहून नामखान्यापर्यंत स्थानिक गाडीने या, तिथून शियालदाला लोकल आहे.